स्कोप झिरो होत नाही? आधी कागद वाचा

डिसेंबरातल्या एका रविवारी नागपुरात आमच्या मनीषनगरातला शेजारचा मुलगा खांद्याला लांबलचक बॅग लावून दारात उभा राहिला. बॅगेत ४.५ मिमीची, नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली एअर रायफल आणि तिच्यावर ऑनलाइन मागवलेला ३-९×४० स्कोप, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढे ४० मिमीचं भिंग असलेली नेमाची दुर्बीण.

"काका, हा स्कोप बेकार निघाला. काल वर फिरवला तर बार खाली गेला. आज उजवीकडे फिरवला तर काहीच नाही झालं. छर्र्यांचे दोन डबे संपले माझे."

"कागद आणलेस?"

"कागद कायले ठेवू काका, फेकून देल्ले ना."

इथेच अर्धी गोष्ट संपते. स्कोप झिरो करायचा म्हणजे नेम जिथे धरला तिथेच बार लागेल असा तो जुळवायचा. रायफल, स्कोप, माऊंट (स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी पकड), छर्रा आणि धरणारा हात या पाचांपैकी चुकतं कोण, हे सांगणारा एकच साक्षीदार असतो. तो म्हणजे छिद्रं पडलेला कागद, आणि नेमका तोच लोक चुरगाळून टाकतात. मग उरतो स्कोपवरचा नॉब. तो हाताशी असतो, टिकटिक वाजतो, फिरवला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. माझ्याकडे 'खराब' म्हणून आलेल्या स्कोपांपैकी बहुतेक चांगले निघाले. पण ते चांगले आहेत हे शोधायला आधी त्यांच्यावरचा संशय बाजूला ठेवावा लागतो.

आत काय फिरतं ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. स्कोपच्या नळकांड्यात आणखी एक बारीक नळी असते. उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं त्या नळीत असतात आणि नेमाची फुलीही तिच्यावरच बसवलेली असते. ही आतली नळी एका टोकाला बिजागरीसारखी अडकवलेली, दुसरं टोक मोकळं. वरचा नॉब म्हणजे त्या मोकळ्या टोकाला वरून दाबणारा स्क्रू. बाजूचा नॉब म्हणजे बाजूने दाबणारा स्क्रू. या दोघांच्या समोरून नळीला रेटून धरते ती एक पातळ स्प्रिंगची पट्टी. नॉब आवळला की स्क्रू नळीला ढकलतो, हे सरळ आहे. नॉब सैल केला की नळीला परत आणायचं काम मात्र स्क्रू करत नाही, ते त्या पट्टीचं. 'फिरवला तरी काही होत नाही आणि दोन बारांनंतर एकदम उडी मारतो' ही तक्रार ऐकली की मला ती पट्टी दिसते. नळी जागेवर अडकून राहते आणि रायफलीचा झटका बसला की सुटते. म्हणून नॉब फिरवल्यावर पेचकसाच्या मुठीने टोपीवर हलकेच टकटक करावी, दोन बार वाया घालवावेत, आणि मग गट, म्हणजे एकाच नेमाने पाडलेल्या छिद्रांचा पुंजका, मोजावा.

आता हिशेब. नॉबवर सहसा लिहिलेलं असतं, एक क्लिक म्हणजे पाव मिनिट. हे घड्याळाचं मिनिट नव्हे, कोनाचं. एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे साधारण २९ मिमी, म्हणून पाव मिनिटाचा क्लिक तिथे साधारण ७ मिमी सरकवतो. पण आपण १०० मीटरवर कुठे मारतो? १० मीटरवर तोच क्लिक ०.७ मिमी सरकवतो. पोराचे बार १० मीटरवर ३ सेंमी खाली लागत होते. ते वर आणायला सुमारे ४१ क्लिक हवे होते. त्याने फिरवले चार. चार क्लिक म्हणजे जेमतेम ३ मिमी, आणि त्याचा गटच पसरला होता तळहाताएवढा. त्या पसाऱ्यात ३ मिमी कुठे दिसणार? वर फिरवूनही पुढचा बार खाली लागला तो निव्वळ योगायोगाने. त्याने उलटा फिरवला, पुन्हा योगायोग. असा खेळ दोन डबे चालला.

बाणाची गंमत वेगळीच. नॉबवरचा 'अप'चा बाण सांगतो की बार वर जाईल. पण त्याच वेळी स्कोपमधून पाहिलं तर फुली उलट, खाली जाताना दिसते. गोंधळ होणारच. मी बाण पाहतच नाही. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट टेकवून फुली कागदाच्या मध्यावर ठेवायची, आणि रायफल न हलवता दोन्ही नॉब फिरवून फुली छिद्रांच्या गटाच्या मध्यावर न्यायची. संपलं. दुसऱ्या माणसाने रायफल धरून ठेवली तर आणखी बरं.

आम्ही निघालो त्याच्या मामाच्या काटोल रोडवरच्या संत्र्याच्या बागेत. गच्चीवर नाही, घरामागच्या गल्लीत तर नाहीच. जुन्या साड्या आणि रद्दीने ठासून भरलेलं खोकं, त्याच्यामागे मातीचा उंच बांध, डोळ्यांवर चष्मे. (मामांनी लगेच विचारलं, संत्र्यावर येणारी वानरं याने पळतील का? वानरावर छर्रा झाडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. त्यांना तसं स्पष्ट सांगितलं आणि विषय तिथेच मिटवला.)

पहिला नियम असा की पाच बार काढायचे, नेम एकाच ठिकाणी धरायचा आणि नॉबला हात लावायचा नाही. त्याच्या पहिल्या पाच छिद्रांनी अख्खा तळहात झाकला. विखुरलेला कागद दिसला की स्कोपकडे पाहूच नका. नॉब गटाची जागा बदलतो, आकार नाही. पसरलेला गट फिरवून फिरवून आवळत नाही.

मी रायफल उलटी केली आणि दस्त्याच्या पुढच्या भागातले दोन बोल्ट बोटांनी हलवून पाहिले. बोटांनीच फिरले. पोराचा चेहरा पाहण्यासारखा होता.

स्प्रिंगच्या रायफलीत हे व्हायचंच. चाप ओढला की आतला जाड पिस्टन पुढे झेपावतो, म्हणून रायफल मागे ढकलली जाते. सिलिंडरच्या टोकाशी दाबलेल्या हवेच्या गादीवर पिस्टन आदळून थांबतो आणि रायफल उलट पुढे झटका घेते. हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आसपास, डोळ्याचं पातं लवायच्या आत. गोळीच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेने, मागे. इथे मागे आणि मग पुढे. या दुहेरी हिसक्याने बोल्ट ढिले होतात, आणि गोळीच्या रायफलीसाठी बनवलेला स्कोप आतून मोडतो, कारण त्याच्या भिंगांना पुढच्या झटक्याची सवयच नसते. पंधरा वर्षांपूर्वी मी तसाच एक स्कोप हौसेने लावला होता. दोनशे बारांत त्याची फुली तिरकी होऊन बसली. खोक्यावर 'एअर रायफलसाठी' असं लिहिलेलं असेल तरच घ्या. बाकी कितीही जाडजूड आणि महाग दिसो.

बोल्ट तपासायचा क्रम मी कधी बदलत नाही. आधी दस्त्याचे, मग नळीच्या बिजागरीचा, मग माऊंट जिथे रायफलीच्या खाचेला धरतं तिथले, आणि शेवटी रिंगांच्या टोप्यांचे. रिंगांचे बोल्ट कर्णाकर्णाने, थोडे थोडे, ॲलन कीचा लांब दांडा भोकात घालून आणि आखूड दांडा दोन बोटांत धरून आवळायचे. मूठ लावली की स्कोपची नळी चेपते, आणि चेपलेल्या नळीत आतली नळी अडकते. खाच आणि रिंगा आधी स्पिरिटने पुसून कोरड्या करायच्या. कारखान्यातून येणाऱ्या तेलाच्या थरावर कितीही आवळलं तरी घसरतंच.

धरायची पद्धतही पसरट गटाला जबाबदार असते, आणि तिथे सल्ला उलटा आहे. आपल्याला वाटतं, जितकी घट्ट धरू तितकी स्थिर. स्प्रिंगची रायफल मोकळी धरावी लागते. पुढचा हात तळव्यावर फक्त आधार देतो, बोटं मिटत नाहीत, खांद्याला ती नुसती टेकते. प्रत्येक वेळी तिला सारख्याच पद्धतीने उडी मारू द्यायची. नळी तर कुठल्याही पिशवीवर टेकवायची नाही. आम्ही वाळूच्या पिशवीवर हात ठेवला आणि हातावर रायफल. बोल्ट आवळून, असं धरून काढलेल्या पाच बारांचा गट दोन रुपयांच्या नाण्याएवढा झाला. पोराने मान हलवली, "म्हणजे रायफल चांगली हाय."

चांगली होतीच. पण पुढचे पाच बार तितक्याच छोट्या गटात आणि दीड सेंमी बाजूला! मग पुन्हा पाच, पुन्हा भलतीकडे. हा दुसऱ्या प्रकारचा कागद. गट घट्ट आहे पण घर बदलतोय, तेव्हा काहीतरी सरकतंय असं समजावं. रायफल पुढे झटका घेते तेव्हा वरचा स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणजे रायफलीच्या हिशेबाने मागे घसरतो. माझ्या बायकोची लाल नेलपॉलिश मी याच कामासाठी बॅगेत ठेवतो (तिला माहीत आहे). रिंग आणि स्कोपची नळी या दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ, आणि माऊंट व खाच यांच्यावर दुसरी. दहा बारांनी माऊंटची रेघ तुटून अर्धा मिमी मागे गेलेली दिसली. रायफलीच्या खाचेत मागे एक छोटं गोल भोक असतं, आणि माऊंटच्या पोटात एक खिळ्यासारखी पिन. ती पिन त्या भोकात उतरवायची असते. पोराने माऊंट दोन सेंमी पुढे बसवून पिन आत चढवून ठेवली होती, 'मध्ये येत होती' म्हणून. पिन जागेवर आणली. रेघ मग हलली नाही.

आता खरा तिढा. गट घट्ट, जागा पक्की, फक्त ३ सेंमी खाली. वरचा नॉब फिरवायला घेतला आणि तीस क्लिकांतच तो टोकाला जाऊन थांबला. पुढे आटेच संपले.

हे बहुतेकांना कळत नाही, म्हणून थोडं थांबू. स्कोप नळीच्या वर साधारण ४ सेंमी बसतो. दोघं अगदी समांतर असतील तर १० मीटरवर छर्रा नेमाच्या ४ सेंमी खालीच जाणार, आणि तेवढ्या अंतरात तो पडतोही. सेकंदाला सुमारे २४० मीटर वेग धरला तर ९ मिमीच्या आसपास. म्हणजे काहीही बिघाड नसताना फक्त १० मीटरवर झिरो करायलाच सुमारे ६७ क्लिक जातात. या स्कोपमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २४० क्लिक निघाले. मध्यापासून वर १२०, १० मीटरवर जवळपास पावणेनऊ सेंमी. त्यातले पाच सेंमी उंचीने खाल्ले. उरले पावणेचार.

आणि नळी मोडून भरायच्या रायफलीत नळी किंचित खाली वाकून बसते. बनवणाऱ्याचं त्याकडे फारसं लक्ष नसतं, कारण त्याची माशी (पुढचा नेमाचा काटा) नळीवरच आणि नेमाची मागची खाचही नळीला जुळवून लावलेली असते. उघड्या नेमाने ती रायफल अगदी सरळ मारते. स्कोप मात्र मागच्या सिलिंडरवर बसतो आणि ती तूट त्याला भरावी लागते. पावणेचार सेंमीपेक्षा तूट मोठी झाली की नॉब संपला.

नॉब संपायच्या आधीच घात सुरू होतो, ते मात्र लक्षात येत नाही. वर फिरवणं म्हणजे स्क्रू बाहेर काढणं. स्क्रू जितका बाहेर, तितकी ती स्प्रिंगची पट्टी पसरून मऊ पडते, आणि नळीला कोणी नीट दाबून धरत नाही. मग प्रत्येक झटक्याला फुली स्वतःच नाचते. स्कोप 'भटकतो' तो बऱ्याचदा यामुळे. स्कोप बिघडलेला नसतो, त्याला टोकावर उभं केलेलं असतं.

उपाय नॉबमध्ये नाही, माऊंटमध्ये आहे. आधी दोन्ही नॉब मोजून बरोबर मध्यावर आणायचे. मग मागच्या रिंगेत, स्कोपच्या खाली, पातळ पट्टी घालायची. स्कोपची शेपटी वर उचलली की तो थोडा खाली पाहू लागतो, नेम धरताना आपण नळी तेवढी वर करतो आणि बार वर चढतो. हिशेब सोपा आहे. दोन रिंगांत १० सेंमी अंतर असेल तर मागे ०.१ मिमी उचललं की १० मीटरवर १ सेंमी फरक. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा. आम्हाला मामांच्या कपाटात आजीच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे सापडला. ती फिल्म साधारण ०.२ मिमीची, दोन सेंमीचं काम करते. रिंगेच्या रुंदीएवढी एक पट्टी कापली, ठेवली, हलक्या हाताने आवळलं, मारलं. मग दुसरी पट्टी घातली. नॉब टोकापासून चांगलाच आत असताना बार नेमावर आला. दोनच्या वर मी जात नाही. त्याहून जास्त उचललं की रिंगा स्कोपला वाकवायला लागतात. तिथे मागून उंच असलेलं किंवा कल बदलता येणारं माऊंट विकत घ्यावं, ते पैसे वाया जात नाहीत.

डावी-उजवीकडचा नॉब असा संपत असेल तर पट्टी घालायची नाही. रिंगा अदलाबदल करून, उलट्या फिरवून बसवा. बऱ्याच वेळा एक रिंग किंचित वाकडी बनलेली असते आणि दुसऱ्या बाजूने तिचा दोष मिटतो.

दुपारी पोरगा म्हणाला, "आता २० मीटरवर पाहू." बार २ सेंमी वर! त्याचा चेहरा पडला. पण हे बरोबरच होतं. छर्रा नेमाच्या रेषेच्या खालून निघतो, चढत १० मीटरवर तिला छेदतो, वर जातो, मग पडत येऊन दूर कुठेतरी दुसऱ्यांदा छेदतो. त्याच वेगाच्या हिशेबाने १० वर झिरो केलेली रायफल २० वर सुमारे २ सेंमी वर आणि ५ मीटरवर तितकीच खाली लागते. मंद रायफल असेल तर २० मीटरवरच परत रेषेला येते. जिथे मारायचं तिथेच झिरो करा. अंतर बदललं की आकडे वहीत लिहा.

अंतर वाढताना बार वर-खाली होता होता एकाच बाजूलाही सरकत जात असेल, तर बहुतेक फुली तिरकी बसली आहे. मिस्त्रीचा ओळंबा झाडाला टांगून उभी रेघ दोरीशी जुळवली की झालं.

आणखी एक भूत आहे, पॅरॅलॅक्स. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा, तिला न शिवता फक्त डोकं डावी-उजवीकडे हलवा आणि फुलीकडे पाहा. फुली कागदावर सरकत असेल तर तुमचं गालाचं बोट-दोन बोटं इकडेतिकडे होणंही बार हलवतं. गोळीच्या रायफलीचे स्कोप साधारण १०० यार्डांवर जुळवलेले असतात. तसला ४० मिमी भिंगाचा स्कोप १० मीटरवर वापरला आणि डोळा अगदी कडेला असला तर दीड सेंमीहून जास्त चूक होऊ शकते. म्हणून पुढच्या भिंगाला अंतराचं कडं असलेला, १० यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोप हवा. कड्यावरच्या आकड्यांवर विसंबू नका. प्रतिमा स्वच्छ आणि फुली स्थिर, हेच खरं माप. त्याआधी स्कोप आकाशाकडे धरून डोळ्याकडचं भिंग फुली काळीकुळकुळीत दिसेपर्यंत फिरवून घ्या, आणि फार वेळ टक लावू नका, डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. (ऑलिंपिकच्या १० मीटर एअर रायफलला हे दुखणंच नाही. तिथे स्कोप चालत नाही, बारीक छिद्राच्या डायॉप्टरमधून अर्ध्या मिमीचा दहाचा ठिपका मारतात. आपण स्कोप लावून रडतो.)

छर्रे. एकाच डब्यातून मूठभर घ्या, मागच्या घागऱ्यासारख्या भागाची कड दबलेले वेगळे काढा. तीन-चार वेगवेगळ्या वजनाचे छर्रे पाच-पाच मारून पाहा. प्रत्येक नळीची आवड वेगळी, आणि किमतीशी तिचा काही संबंध नाही. नवी रायफल पहिले काही शे बार धूर सोडते, आत तेल जळत असतं, वेग वरखाली होतो. तोवर झिरो करायच्या फंदात पडू नका, आणि 'मऊ चालावी' म्हणून हवेच्या भोकात तेल तर अजिबात सोडू नका. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) गाडीच्या काचेखाली ठेवलेली रायफलही तासभर सावलीत ठेवून मगच मारा. नागपूरच्या उन्हाला मात्र उगाच दोष देऊ नका. १० मीटरवर दोन इंच चुकवण्याइतकं ते वाईट नाही.

हे सगळं करूनही कागद शहाणा होत नसेल, तेव्हा स्कोपला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं. त्याला दोन परीक्षा. पहिली फुकट. शाळेच्या वहीतला आलेख-कागद १० मीटरवर लावा, रायफल घट्ट बांधा, दहा क्लिक फिरवा. फुली सात मिमीच्या आसपास सरकली पाहिजे, प्रत्येक वेळी तितकीच, आणि उलट दहा फिरवल्यावर जुन्याच रेघेवर यायला हवी. दुसरी परीक्षा बारांची, कारण काही स्कोप शांतपणे नीट चालतात आणि झटक्यानेच बिघडतात. तीन बार मारा, ४० क्लिक वर, तीन बार, ४० उजवीकडे, तीन, ४० खाली, तीन, ४० डावीकडे, तीन. कागदावर सुमारे २९ मिमीचा चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचे तीन पहिल्या तिनांवर पडले पाहिजेत. चौकोन लंगडा आला, किंवा शेवटचे तीन घरी परतले नाहीत, तर स्कोप गेला. त्याहून सोपं म्हणजे मित्राच्या रायफलीवर नीट चालणारा स्कोप आपल्या रायफलीवर लावून पाहणं.

पोराचा चौकोन नीट आला. संध्याकाळी मामींनी तर्री-पोहे केले, तोवर त्याने नॉबच्या टोप्या ढिल्या करून शून्याची रेघ जुळवली, वहीत तारीख, छर्र्याचं वजन, अंतर आणि 'मागे एक्स-रे पट्टी २' असं लिहिलं. निघताना मी पाहिलं तर तो दिवसभराचे सगळे कागद खिळ्यातून काढून, घडी न घालता, बॅगेच्या कप्प्यात सरकवत होता.